मदत करणं आणि साथ देणं: आदिवासींच्या बाजूने उभं राहताना

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला, की 'आपण काही करू शकतो का?' असं मनापासून विचारणारे बरेच जण भेटतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मदतीपाशी येऊन थांबतं, आणि मदत म्हणजेच साथ असं आपण धरून चालतो.

वरवर पाहिलं तर दोन्ही सारख्याच. दोन्हींत वेळ जातो, पैसा जातो, मागे सद्भावना असते. फरक पडतो तो काय हवंय हे कोण ठरवतं इथे. मदत करणारा ते स्वतः ठरवतो. साथ देणारा ते ज्याचं त्याला ठरवू देतो, आणि ठरलेली गोष्ट आपल्या कल्पनेत बसली नाही तरी बाजू सोडत नाही.

ऑगस्ट १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात वेव्ह हिल इथे गुरिंजी या आदिवासी समाजाचे सुमारे २०० कामगार आणि त्यांचे कुटुंबीय व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यासोबत काम टाकून निघाले. हजारो चौरस किलोमीटरच्या त्या कुरणावर गुरं राखायची ती गुरिंजींनी, आणि तीही गोऱ्या कामगारांच्या तुलनेत नगण्य मोबदल्यावर. शहरांतल्या कामगार संघटना धावून आल्या, निधी गोळा झाला, सभा झाल्या. संघटनांच्या लेखी हा पगाराचा संप होता. पगाराचे संप त्यांनी आयुष्यभर लढवले होते.

गुरिंजींच्या मनात मात्र जमीन होती. ते कुरण मुळात त्यांचंच होतं. १९६७ मध्ये त्यांनी वॉटी क्रीकला मुक्काम हलवला आणि ही भूमी आम्हाला परत द्या असा अर्ज थेट गव्हर्नर जनरलकडे केला. अर्ज फेटाळला गेला. पाठिंबा देणाऱ्यांची खरी कसोटी इथे लागली. पगारवाढ मागणं नेहमीचं होतं. एका जमातीने आपला मुलूख परत मागणं हे तेव्हाच्या कायद्यातही बसत नव्हतं आणि बऱ्याच हितचिंतकांच्या डोक्यातही. तरीही अनेकांनी साथ सोडली नाही.

त्यांच्यात फ्रँक हार्डी नावाचे लेखक होते. आमच्या लोकांचं नाव असलेला एक फलक लिहून द्या, असं लिंगियारींनी त्यांना सांगितलं. गुरिंजींपैकी कुणाला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण येणाऱ्या गोऱ्या माणसाला ते नाव वाचता यायला हवं होतं. हार्डींनी फलक लिहिला, तो तिथे लागला. या लढ्यातला जगभर पोचलेला फोटो वेगळा आहे: १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम लिंगियारींच्या ओंजळीत माती ओततायत, जमीन परत केल्याची खूण म्हणून. पुढच्याच वर्षी तिथल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा आला. पण साथ देणं म्हणजे काय हे मला त्या फोटोपेक्षा फलकातून जास्त कळतं. म्हणणं गुरिंजींचं, हार्डींनी फक्त आपलं कसब त्याच्या कामी लावलं.

मदतीची दुसरी टोकाची बाजूही त्याच देशात सापडते. साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवलं गेलं. हे करणाऱ्या अनेकांची आपण मुलांचं भलं करतोय अशी प्रामाणिक समजूत होती. संसदेत सरकारने माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. सद्भावना खरी असली म्हणून कृती योग्य ठरत नाही, हे इतक्या भयंकर किमतीला शिकायची वेळ पुन्हा कुणावर येऊ नये.

आता रोजच्या जगण्याकडे. कॅनडातल्या विनिपेग शहरात नळाला येणारं पाणी १९१९ पासून शोल लेक या तलावातून येतं. त्या जलवाहिनीच्या बांधकामात शोल लेक ४० नावाच्या आदिवासी वस्तीची जमीन गेली, कालवा खणला गेला आणि उरलेली वस्ती बेटासारखी तुटली. उन्हाळ्यात तराफ्याने, हिवाळ्यात गोठलेल्या तलावावरून चालत ये-जा. बर्फ फुटून माणसं दगावली. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे १९९७ पासून त्या वस्तीतलंच पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगं नव्हतं, आणि बाटल्या बाहेरून आणाव्या लागत.

मदत करायला निघालेल्या माणसाला इथे दिसतं ते पाणी, आणि तो आणखी बाटल्या पाठवतो. लोक मागत होते रस्ता. रस्त्याशिवाय जलशुद्धीकरण केंद्र बांधणं परवडत नव्हतं, दवाखाना गाठता येत नव्हता, मुलांना परत गावात राहायला येता येत नव्हतं. विनिपेगमधल्या नागरिकांनी, चर्चच्या मंडळींनी तीच मागणी उचलून धरली, स्वतःचे शब्द तिच्यात न घुसडता. २०१९ मध्ये रस्ता झाला, २०२१ मध्ये शुद्धीकरण केंद्र. या नागरिकांचं शिकणं कुठून सुरू झालं? आपल्या नळाचं पाणी कुणाच्या जमिनीवरून येतं, या प्रश्नापासून. हा प्रश्न कुठल्याही शहरातल्या माणसाला विचारता येतो: पाणी, वीज, कोळसा, लाकूड, धरण.

साथ देताना कधी आपली जागाही सोडावी लागते. लॅक्रोस हा खेळ मुळात उत्तर अमेरिकेतल्या हॉडेनोशोनी या आदिवासी लोकांचा. तरी २०२२ च्या वर्ल्ड गेम्ससाठी त्यांच्याच संघाला आधी दार बंद होतं. आयर्लंडच्या संघाने स्वतः माघार घेतली आणि ती जागा त्यांना मिळाली. निषेधाचं पत्रक काढून त्याच स्पर्धेत खेळता आलं असतं.

'त्यांना ठरवू द्या' हे म्हणायला सोपं आहे, पण 'ते' म्हणजे नेमके कोण? कॅनडातच वेट्सुवेटन या आदिवासी समाजाच्या भूमीवरून जाणाऱ्या गॅसवाहिनीसाठी, निवडून आलेल्या अनेक आदिवासी परिषदांनी करार केले होते, आणि परंपरागत प्रमुखांचा तिला विरोध होता. २०२० मध्ये हा वाद पेटला तेव्हा 'त्यांच्यातच एकमत नाही, आपण काय करणार' म्हणून कित्येकांनी हात झटकले. थोडं वाचलं असतं तर कळलं असतं, की त्या परिषदा इंडियन अॅक्ट या कॅनडाच्या सरकारी कायद्याने घडवलेल्या आणि राखीव भूभागापुरत्या आहेत, तर पूर्ण मुलखावरचा हक्क सांगत सर्वोच्च न्यायालयात गेले होते ते परंपरागत प्रमुख. १९९७ चा डेल्गामूक निकाल त्यांच्याच दाव्यावरचा. मतभेद त्याने मिटत नाहीत, पण ते कशावरून आहेत हे उमगतं. म्हणून शिकणं आधी. आणि ते शिकवायचं ओझं समोर भेटलेल्या आदिवासी मित्रावर टाकू नये. त्यांच्यातल्या लेखकांनी, संशोधकांनी, पत्रकारांनी भरपूर लिहून ठेवलंय. व्याख्यानाला बोलावलं तर इतर वक्त्यांइतकंच मानधन द्यावं. 'आदिवासी नक्षी' म्हणून विकली जाणारी वस्तू कुणाच्या हातची आहे ते विचारावं. घरच्या जेवणात, ऑफिसात कुणी त्यांना मागास म्हणालं तर तिथेच अडवावं. माझ्या मते हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत आणि समोर आपलीच माणसं असतात.

सरकारी पातळीवर हाच गोंधळ सल्ला आणि संमती या जोडीत दिसतो. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात आदिवासींच्या मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचं तत्त्व आहे. १४४ देशांनी बाजूने मत दिलं, चौघांनी विरोधात. सल्ल्यात 'नाही' ऐकून घेतात. संमतीत 'नाही' म्हटल्यावर काम थांबतं. ओडिशातल्या नियमगिरीवरच्या बॉक्साइट खाणीबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि डोंगरिया कोंध व त्यांच्या शेजाऱ्यांच्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. त्याआधी, २०१० मध्ये, चर्च ऑफ इंग्लंडने संबंधित कंपनीतले आपले शेअर विकून टाकले होते. त्याने खाण थांबली नाही. थांबवली ती ग्रामसभांनी. पण दूरच्या माणसाने आपल्या हातातलं काय वापरावं, याचा हा नमुना आहे.

मदत टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पूर आला, वणवा लागला, रोगाची साथ पसरली, की औषधं आणि अन्न तातडीने पोचलंच पाहिजे. तेव्हाही पैसे शक्यतो त्यांनीच चालवलेल्या संस्थेकडे द्यावेत आणि ते कशावर खर्च करायचे याच्या अटी घालू नयेत.