नव्या कॅम्परचा वास: चावी घेण्याआधी वाचायचं पत्रक

उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये पूर्वी ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधल्या जायच्या. आता त्याच जागी आम्ही ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनच्या कॅम्पर करून देतो. दोन-चार माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, कपाटं, पाण्याची टाकी. गिऱ्हाईक बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचं, आणि चंदगड-कोल्हापूरकडून एमएच-09 घेऊन येणारंही.

पहिली कॅम्पर आम्ही अथणीकडच्या एका कुटुंबाला दिली, एप्रिलात. त्यांनी ती पत्र्याच्या शेडमध्ये काचा लावून आठ दिवस ठेवली आणि मग सगळे पंढरपूरला निघाले. जत मागं पडेपर्यंत वहिनींचे डोळे चुरचुरायला लागले, धाकट्याचा घसा धरला, आणि रात्री आजींनी गाडीत झोपायला साफ नकार देऊन मठाच्या ओसरीवर पथारी टाकली. फोन आला तेव्हा आम्ही बेफिकिरीनं म्हणालो, "नवी गाडी आहे, वास येणारच." तिकडून उत्तर आलं, "वास केव्हाच गेला हो. डोळ्यातलं पाणी जाईना."

त्या एका वाक्यानं आम्हाला आमच्याच धंद्यातलं बरंच शिकायला लावलं. हे पत्रक त्यातून आलं.

वास एक नाही, दोन आहेत

नव्या गाडीत पहिल्या दिवशी नाकात शिरतो तो वास मुख्यतः थिनरचा, पॉलिशचा आणि रेक्झिन-मायका चिकटवायच्या पिवळ्या सॉल्यूशनचा. तो उग्र असतो, पण हवा मिळाली की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, बराचसा उडून जातो.

दुसरा आहे फॉर्मल्डिहाइड. नाव परकं वाटलं तरी ओळख जुनी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत बुडवून ठेवलेला बेडूक आठवतोय? ते पाणी म्हणजे फॉर्मेलिन, आणि फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला हाच वायू. 2018 च्या जुलैमध्ये गोव्यात मासळीला फॉर्मेलिन लावल्याची ओरड झाली, बाहेरची मासळी काही दिवस बंद झाली आणि आपल्याकडच्या मासळी खाणाऱ्यांनीही तोंड वाकडं केलं, ते हेच. थोड्या प्रमाणात असला तर याचा वास कित्येकांना कळतही नाही. पण पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे तो पहिल्यांदा जिथं ओल असते तिथं जाऊन झोंबतो: डोळे, नाक, घसा. म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला, हे गणित चुकतं. आमचंही चुकलं होतं.

गाडीत तो येतो कुठून? लाकडातून नगण्य, डिंकातून भरपूर. स्वस्त कमर्शियल प्लाय, भुशाचा पार्टिकल बोर्ड आणि लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला एमडीएफ बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड नावाच्या डिंकानं जोडलेले असतात. हा डिंक स्वस्त आणि चटकन वाळणारा, म्हणून कारखानदारांचा लाडका. त्याची खोड अशी की उष्णता आणि दमटपणा लागला की तो हळूहळू उसवतो आणि वायू सोडत राहतो. पहिले काही महिने जास्त, नंतर कमी, पण थोडं थोडं वर्षानुवर्षं चालूच.

घरातल्या कपाटाला हे चालतं, मग गाडीला का नाही, असं लोक विचारतात. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात 1200 घनफूट हवा मावते. आमच्या कॅम्परची आतली जागा साधारण 13 बाय 6 बाय 6, म्हणजे 468 घनफूट, आणि त्यातली बरीच सामानानंच खाल्लेली. एवढ्याशा डबीत आम्ही आठ बाय चारच्या डझनभर शीट कापून बसवतो. वर पत्र्याचं छत आणि अथणीचा उन्हाळा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 साली घरातल्या हवेसाठी दिलेली मर्यादा आहे दर घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी धरून. या हिशेबानं आमच्या गाडीच्या पूर्ण हवेत मिळून सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, एवढीच मुभा. चिकोडीच्या कारखान्यातल्या साखरेचा एक जाडसर दाणासुद्धा त्याहून जड भरेल.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय

ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळानं तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरची घरं उद्ध्वस्त केली. सरकारनं लाखाहून जास्त कुटुंबांना राहायला प्रवासी ट्रेलर आणि फिरती घरं दिली. चार दिवसांच्या सहलीसाठी बांधलेल्या गाड्यांत माणसं महिनोन् महिने राहिली. डोळ्यांची आग, डोकेदुखी, खोकला, नाकातून रक्त अशा तक्रारी सुरू झाल्या. तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं डिसेंबर 2007 ते जानेवारी 2008 या काळात अशा 519 गाड्या-घरांतली हवा तपासली. सरासरी निघाली अब्जात 77 भाग, म्हणजे वरच्या मर्यादेच्या (या मापात ती साधारण 80 भाग) जवळपास. सर्वांत वाईट गाडीत 590 भाग होते, मर्यादेच्या सातपट. आणि ही मोजणी थंडीतली. उन्हाळ्यात आकडा वाढणार म्हणून उन्हाळ्याआधी लोकांना बाहेर काढा, असा सल्ला त्या केंद्रानंच दिला.

गंमत म्हणजे तिथं 1984 पासून कारखान्यात बनणाऱ्या घरांतल्या प्लाय आणि पार्टिकल बोर्डाला मर्यादा होती, पण सहलीच्या गाड्या घरांत मोडत नव्हत्या म्हणून सुटल्या. 2010 साली तिथं लाकडी बोर्डांसाठी देशभराचा कायदा झाला. त्याच्या नियमांत इतर वाहनांना सूट आहे, कॅम्परसारख्या गाड्यांना मात्र नाही.

कर्करोगाचं विचारतात म्हणून सांगतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्या पुराव्यात वर्षानुवर्षं त्याच्यात काम करणारे कामगार प्रामुख्यानं आहेत. पंढरपूरच्या एका फेरीनं कुणाला काही होतं असा त्याचा अर्थ काढू नका. पण रोज शीट कापणाऱ्या आमच्या पोरांना तो पुरावा लागू पडतो, म्हणून आधी शेडला पंखे बसवले, मग हे पत्रक छापलं.

आम्ही आता काय वापरतो

ओटा, पलंग, कपाटं सगळं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) नाहीतर 710 नंबरचा मरीन प्लाय. त्यातला डिंक फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा. नावात तेच भूत दिसतं खरं, पण ही जोडणी पक्की असते, वायू फारच कमी सोडते. ओळख सोपी: कडेला थरांमधली रेघ गडद तपकिरी दिसते. रंग मारूनही फसवणारे आहेत, त्यामुळे आम्ही नव्या लॉटमधला एक तुकडा चहाच्या जुन्या पातेल्यात उकळत ठेवतो. मरीन प्लाय 72 तास उकळूनही सुटायचा नाही, अशी आयएस 710 या भारतीय मानकाची अट आहे. कमर्शियल लवकरच वहीसारखा उलगडतो. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर उकळू, चहा वेगळ्या पातेल्यात.

दुसरी गोष्ट मागच्या बाजूची. सुतार पुढं मायका लावतो आणि मागची बाजू कोरी सोडतो, कोण बघतंय म्हणून. वायू नेमका तिथून, कापलेल्या कडांतून आणि वायर घालायला पाडलेल्या भोकांतून येतो. आम्ही दोन्ही बाजू झाकतो, चारही कडांना पट्टी मारतो, भोकं सील करतो. खर्च वाढतो, आणि तो बिलात वेगळा दाखवतो. पीव्हीसी फोम बोर्डात हा डिंकच नसतो, पण प्लास्टिकचा स्वतःचा वास असतो आणि जड सामान त्याला पेलत नाही. हवा असेल तर देऊ, शिफारस करत नाही.

पाडव्याची गाडी महाशिवरात्रीला

पाडव्याला चावी हवी असेल तर सुतारकाम महाशिवरात्रीपर्यंत संपलं पाहिजे. मधला महिना गाडी आमच्या आवारात उघडी उभी राहते. दारं, काचा, छताची खिडकी उघडी, कपाटं आणि खण ओढलेले, गाद्या उभ्या केलेल्या, एका बाजूनं पंखा बाहेर हवा फेकणारा. त्या दिवसांत आपल्याकडं हवा कोरडी आणि ऊन बरं असतं. उन्हानं वायू जास्त निघतो, आणि तो निघून जायला वाट असेल तर तेच हवं असतं. बंद गाडी उन्हात ठेवणं म्हणजे मात्र कुकरची शिटी दाबून धरून आच वाढवणं.

मृग लागल्यावर नवी गाडी नेऊ नका, खानापूर-चोर्ल्याकडच्यांनी तर नकोच. चार महिने काचा लावलेल्या आणि आत ओल, डिंकाला याहून वाईट दिवस नाहीत.

घरी नेल्यावरही पहिलं वर्ष निघण्याआधी अर्धा तास सगळं उघडा, झोपताना छताची खिडकी फटीएवढी तरी उघडी राहू द्या. गाडीची पूजा जरूर करा, पण अगरबत्ती आणि कापूर बाहेर. धुरातही फॉर्मल्डिहाइड असतो, आणि सिगारेटच्या धुरात तर भरपूर. निपाणीचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "आम्ही तंबाखूच्या खकाण्यात वाढलो, आम्हाला काय होतंय." त्यांना काही झालं नाही, नातवाला खोकला झाला. शेगडी लावून दारं बंद करून कधीच झोपू नका. त्यात फॉर्मल्डिहाइडपेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा धोका कितीतरी मोठा, तो जीवच घेतो.

सुगंधाची डबी वास झाकते, वायू तसाच राहतो, आणि हवेत आणखी एक रसायन वाढतं. कुंडीतल्या रोपानं गाडीतली हवा शुद्ध होत नाही. धूळ गाळणारा प्युरिफायर वायू पकडत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मीटरवरही फार विसंबू नका. सॅनिटायझर लावलेल्या हातात धरला की त्याचा आकडा पळायला लागतो.

घरात कुणाला वास सहन होत नसेल तर

हे ऑर्डर देण्याआधी सांगा. प्लाय बसल्यावर तो काढता येत नाही.

दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास लवकर होऊ शकतो. याशिवाय काही माणसं अशी असतात की रंग, फिनाईल, अत्तर, नवं कापड, डिझेल यांच्या अगदी थोड्या वासानंही त्यांचं डोकं जड होतं, मळमळतं, धाप लागते. याला रासायनिक संवेदनशीलता म्हणतात. ती दाखवणारी ठरावीक रक्ततपासणी नाही, आणि कारणावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. वास लपवून घेतलेल्या चाचण्यांत रसायन असलेली हवा कोणती आणि साधी कोणती हे अशा माणसांना बऱ्याचदा ओळखता आलं नाही, म्हणून काही तज्ज्ञ रसायनाखेरीज इतर कारणंही शोधतात. त्यावर निवाडा करणारे आम्ही कोण? त्रास होणाऱ्याला तो होत असतो एवढं आम्ही पाहिलंय, आणि "मनाचे खेळ आहेत" म्हणणारे नातेवाईकही पाहिलेत. धाप लागत असेल, अंगावर चट्टे उठत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग आमच्याकडं या.

अशा घरासाठी आम्ही लाकूड कमीत कमी ठेवतो. अॅल्युमिनियमचा सांगाडा, स्टीलचा ओटा, सॉल्यूशनऐवजी जमेल तिथं स्क्रू, धुऊन वाळवलेलं सुती कापड. हवा खेळवायला एका महिन्याऐवजी दोन. तरीही त्रास होणारच नाही अशी हमी देत नाही, कुणी दिली तर विचारून बघा कशाच्या जोरावर.

त्यापेक्षा एक करा. आमच्या आवारात दोन गाड्या असतात, एक तीन वर्षं जुनी, एक नुकतीच पुरी झालेली. ज्यांना त्रास होतो त्यांनी आधी जुनीत एक रात्र झोपून बघावं. बरं वाटलं तरच दुसऱ्या वेळी नवीत, सगळं उघडं ठेवून, जमेल तेवढा वेळ. याचे पैसे नाहीत, फोन करून या म्हणजे झालं. उशी-पांघरूण घरचंच आणा, आमच्या चादरींना साबणाचा वास असतो.