औषधाने उठणारं पुरळ आणि त्याचे नोंदणी-कोड : पार्श्वभूमी

औषध घेतलं आणि अंगभर पुरळ उठलं, की केसपेपरवरून कोडरला, म्हणजे आजारांची नोंद ठरावीक अक्षर-अंकांच्या कोडमध्ये करणाऱ्याला, दोन गोष्टी काढाव्या लागतात : अंगावर काय झालं आणि कोणत्या औषधाने झालं. पहिलीला कोड लवकर मिळाला. दुसरी मात्र बराच काळ कागदावरून गळत राहिली.

हे कोड ज्यातून येतात त्या आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचं मूळ जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. साध्या पुरळाने कोणी मरत नाही, तेव्हा त्याची दखल तिथे कशाला असेल? १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून नुसते आजारही नोंदले जाऊ लागले.

अमेरिकेत १९७९ पासून वापरलेल्या नवव्या आवृत्तीत पोटात घेतलेल्या औषधाच्या पुरळाला ६९३.० हा कोड होता. औषध सांगायला वेगळा ई-कोड, उदाहरणार्थ पेनिसिलिनसाठी ई ९३०.०. पण ई-कोड देण्याची देशभर सक्ती नव्हती, म्हणून तो राहून जायचा. त्याहून मोठा घोळ ६९५.१ चा. अंगावर लाल चट्टे उठणारा एरिथेमा मल्टिफॉर्म, कातडी आणि तोंड-डोळ्यांच्या आतल्या नाजूक त्वचेवर फोड आणणारा गंभीर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि कातडी सोलवटून जीवावर बेतणारं टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, तिघांना हा एकच कोड! अमुक औषधाने किती जणांना स्टीव्हन्स-जॉन्सन झाला, हे नुसत्या कोडवरून कळायची सोय नव्हती. फाइल उघडावीच लागे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिघांची फाळणी झाली. स्टीव्हन्स-जॉन्सनचा शोधनिबंध १९२२ चा, हे पाहता फारच उशीर.

दहाव्या आवृत्तीत अंगभर पुरळाला एल २७.०, एकाच जागी असेल तर एल २७.१, आणि कातडीवर लावलेल्या औषधाच्या ॲलर्जीने आलेल्याला एल २३.३. अमेरिकी रूपात, म्हणजे २०१५ पासून, औषधाचा कोडही तपशीलवार झाला. पेनिसिलिन गटातलं अमॉक्सिसिलिन सांगितल्याप्रमाणे घेऊन अंगभर पुरळ उठलं, तर आधी एल २७.०, मग औषधाचा टी ३६.०एक्स५ए. यातला ५ म्हणजे योग्य मात्रेतला दुष्परिणाम. चुकून जास्त घेतलं असेल तर ती विषबाधा : अंक बदलतो आणि टी-कोड आधी येतो. हा क्रम चुकला तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

२०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत औषधांच्या त्वचेवरील प्रतिक्रियांना स्वतंत्र गट आहे, आणि औषधाचा कोड पुरळाच्या कोडला थेट जोडता येतो.