ड्युअल-स्पोर्ट की अ‍ॅडव्हेंचर टूरर: कोकणात राहणाऱ्याने कुठली घ्यावी?

"ऑफ-रोडची गाडी घ्यायची आहे" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, "कुठे चालवणार?" कारण या एका नावाखाली बाजारात दोन वेगळ्या जातीच्या गाड्या मिळतात. हिरोची एक्सपल्स आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन शेजारी उभ्या करा. दोघींना पुढे २१ इंची स्पोकचं चाक, उंच हँडल, इंजिनाखाली पत्रा, गुडघ्याच्या वर येणारी सीट. लांबून बघणाऱ्याला वाटतं, एक लहान आणि एक मोठी, बाकी सारं तेच. पण एक्सपल्स ड्युअल-स्पोर्टच्या घराण्यातली आणि हिमालयन अ‍ॅडव्हेंचर टूररच्या. विकत घेताना, सांभाळताना आणि विशेषतः बदल करताना हा फरक कळला नाही तर खिसा रिकामा होतो आणि गाडीही हवी तशी होत नाही.

ड्युअल-स्पोर्ट मुळात मातीतली गाडी. तिला दिवे, आरसे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणलेली. १९६८ ची यामाहा डीटी-१ हे तिचं जुनं आणि नावाजलेलं उदाहरण. टूररचा प्रवास उलट्या दिशेने झाला. लांब पल्ल्याची रस्त्यावरची गाडी घेऊन तिला कच्चा रस्ता पेलवेल इतकी उंची आणि सस्पेन्शन दिलं. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस आणली, पुढच्याच वर्षी त्या गाडीने पॅरिस-डकार ही वाळवंटातून जाणारी लांब पल्ल्याची शर्यत जिंकली आणि मोठ्या इंजिनाची, सामान लादून देश पालथा घालणारी गाडी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. म्हणजे एकीचं माहेर माती आणि दुसरीचं डांबर.

गोंधळ वाढवतात ते ब्रोशरमधले आकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयन ४५० चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, २३० मिलिमीटर; सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली किती सरकतं ते, पुढे-मागे दोन्हीकडे २०० मिलिमीटर. साध्या एक्सपल्स २०० ४व्ही चा क्लिअरन्स २२०, प्रवास पुढे १९० आणि मागे १७०. कागदावर बघितलं तर टूररच जास्त डोंगरी ठरते! म्हणून हे आकडे नंतर बघा, आधी वजन बघा. हिमालयन ४५० भरते १९६ किलो, एक्सपल्स २०० चं वजन १६० च्या आतबाहेर. २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० सुद्धा १७० च्या आसपासच आहे. ताकदीत हिशेब उलटा. हिमालयनकडे ४० बीएचपीच्या जवळ, एक्सपल्स २०० कडे जेमतेम १९. जास्तीचे ते चाळीसेक किलो आणि जास्तीची ती ताकद कुठे कामाला येते आणि कुठे अंगावर येते, एवढं ओळखलं की निवड सोपी होते.

कोकणातली वाट म्हणजे लांब-रुंद मैदान नव्हे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधे अरुंद पाणंद. पुढे वाडीत उतरणारी घाटी, मधेच आडवा ओहोळ, आणि वर चढून गेलं की सड्यावरचा उघडा कातळ. जांभा उन्हाळ्यात टायरला छान पकड देतो, पण जूनमध्ये त्यावर शेवाळ धरलं की पाय ठेवलेला माणूससुद्धा सरकतो. अशा उतारावर समोरून गुरं आली, गाडी थांबवली, पाय टेकवला आणि तो पायच घसरला तर गाडी आडवी होणार, मग ती कुठलीही असो. प्रश्न असतो तो उचलायचा. एक्सपल्स एकटा माणूस हँडल आणि मागचं कॅरिअर धरून, पाठ गाडीला लावून उभी करतो. सामान बांधलेली हिमालयन त्याच ओल्या घाटीत एकट्याने उचलायची म्हणजे हाका मारून वाडीतलं कुणीतरी बोलवावं लागतं. पाणंदीत गाडी वळवायची झाली तरी तेच. हलकी गाडी मागचं चाक सरकवून जागच्या जागी फिरवता येते, जड गाडी गडग्याला घासत पुढे-मागे करावी लागते.

अंतरं बघा. चिपळूण ते गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास, आणि रेवस-रेड्डी सागरी मार्गाने जायचं तर मधे खाड्या येतात. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला इथे फेरीबोटीची वाट बघावी लागते. इथे ताशी ११० ने तासन् तास पळायची संधीच कुठे आहे? कोकणात राहून बागेत, सड्यावर, शेजारच्या गावी रोज गाडी फिरवणाऱ्याला टूररची ताकद फारशी लागत नाही. १९ बीएचपी पुरतात.

मात्र जो मुंबई-पुण्याला राहतो, शुक्रवारी रात्री सामान आणि मागे माणूस घेऊन निघतो, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून येतो आणि रविवारी परत जातो, त्याने टूररच घ्यावी, हे मी ठामपणे सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावर एक्सपल्स २०० ताशी ९० च्या पुढे दमते, तिची अरुंद सीट दोन तासांत बोलायला लागते आणि ट्रकला ओलांडताना हाताशी ताकद उरत नाही. हिमालयन तिथे निवांत चालते, आणि गावातला शेवटचा दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता तिला काही अवघड नाही.

आता देखभाल. इथे दोघींचा शत्रू एकच, खारी हवा, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस. खाडी ओलांडताना फेरीबोटीच्या डेकवर उडालेले तुषार वाळले की स्पोकच्या निपलवर, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या चिमुकल्या नटावर, पांढुरकी पूड दिसते. तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून गाडी गोड्या पाण्याने धुवायची. शृंगारतळीच्या बाजारातला आमचा मेकॅनिक गंजलेली गाडी आली की पहिला प्रश्न विचारतो, "धुतलीत कुठल्या पाण्याने?" किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, आणि त्या पाण्याने रोज धुतलेली गाडी न धुतलेल्या गाडीइतकीच गंजते. प्रेशरच्या पाइपाने चाकाच्या बेअरिंगवर किंवा चेनवर फवारा मारू नका. सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं.

एक्सपल्ससारख्या गाडीच्या पुढच्या शॉकअपवर रबरी भाता असतो, हिमालयन ४५० ला तो नसतो. तो चिखल-धूळ अडवतो खरा, पण खारट ओल आत अडकली तर तीही तिथेच राहते. त्याची खालची पट्टी सैल करून भाता वर सरकवा. शॉकअपची नळी चकचकीत दिसली पाहिजे. बोट फिरवलं आणि खरखर लागली, बारीक तपकिरी ठिपके दिसले, तर ऑइलसील जायला फार वेळ लागत नाही. हे काम पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी करावं. पाच मिनिटं लागतात.

पुढे मात्र दोघींची देखभाल वेगळी होते. ड्युअल-स्पोर्टला मातीत जास्त जायचं असतं, म्हणून तिचा एअर फिल्टर आधी भरतो. एप्रिल-मेमध्ये चिरेखाणीच्या रस्त्याची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. कागदी फिल्टर धुऊन परत लावायचा नाही, बदलायचा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवायचा. स्पोकही तिचे आधी सैल होतात. छोट्या स्पॅनरने एकेक स्पोक टिचकावत जा. सगळ्यांचा आवाज सारखा यायला हवा, एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. चेन फार ताणू नका. सस्पेन्शनचा प्रवास मोठा असल्याने मागचं चाक धरणारा आर्म वर जाताना चेन आणखी ताणली जाते, आणि आधीच घट्ट असली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. कंपनीने स्टिकरवर दिलेली ढिलाई जास्त वाटली तरी तेवढी ठेवा.

टूररची दुखणी वजनातून येतात. ब्रेकपॅड लवकर झिजतात, मागचा टायर मधोमध सपाट होतो, कोनसेटवर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर, भार पडतो. हिमालयन ४५० ला पाण्याने थंड होणारं इंजिन आहे, म्हणजे रेडिएटरही आहे. चिखलाने त्याच्या पापुद्र्यांमधली जागा बुजली की घाटात पंखा बंदच होत नाही. तो चिखल हलक्या पाण्याने, जमल्यास मागून पुढे काढावा.

पंक्चरचं वेगळं सांगायला हवं, कारण कोकणात सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. ट्यूब असलेल्या स्पोकच्या चाकात हवा कमी ठेवली आणि जांभ्याची धारदार कड लागली तर रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. गावच्या पंक्चरवाल्याकडे १७ आणि १८ इंची ट्यूब मिळेल, २१ इंची मिळण्याची खात्री नाही. म्हणून २१ इंची एक ट्यूब कायम सोबत ठेवा. अडल्यावेळी ती मागच्या चाकातही कोंबून घरापर्यंत येता येतं. उलटं होत नाही.

आणि आता बदल, म्हणजे मॉडिफिकेशन. इथे माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक लोक पैसे घालतात ते एका गाडीची दुसरी करायला. एक्सपल्सला दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, मोठी काच, वर टॉपबॉक्स लावला की तिचा हलकेपणा गेला, आणि टूररची ताकद तर आली नाहीच. हिमालयनवर खोल खाचांचे नॉबी टायर चढवून डोंगरात घातली की महामार्गावर ती गुणगुणते आणि ओल्या डांबरावर पकड सोडते, वजन मात्र तेवढंच राहतं. एक्सपल्सच्या रॅली आवृत्तीत सस्पेन्शनचा प्रवास पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर मिळतो, क्लिअरन्स २७०, पण सीटची उंची ८८५ मिलिमीटर होते. शर्यतीच्या मातीत ती गाडी अप्रतिम आहे. पण शेवाळलेल्या घाटीत मधेच थांबून पाय टेकवायचा असेल तर साडेपाच फुटी माणसाला ती उंची परवडत नाही.

ड्युअल-स्पोर्टवर मी करायला सांगेन ते थोडंच. धातूचे हँडगार्ड, म्हणजे गाडी पडली तरी लिव्हर मोडत नाही. जाड बॅशप्लेट, म्हणजे इंजिनाखालचा पत्रा, कारण जांभ्याची कड इंजिनाच्या पोटाला लागते. मागे साधं कॅरिअर आणि कापडी बॅगा. चढांवर पहिला गिअर उंच वाटत असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, एक दात कमी करा. स्वस्तातला बदल आहे, वाडीच्या चढावर क्लच जाळावा लागत नाही. टूररवर खर्च करायचा तर चांगली सीट, क्रॅशगार्ड आणि पावसाळ्यातल्या घाटातल्या धुक्यासाठी पिवळे फॉगलाइट. सायलेन्सर दोघींचेही मूळचेच राहू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांचा दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते ते अशा बदलांवरच.

दोघींच्याही मालकांना कळकळीने सांगतो, समुद्राच्या वाळूत गाडी घालू नका. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत बाहेर पडत असतात. चाकाखाली काय आहे ते वरून दिसत नाही. गाडीचंही नुकसान ठरलेलं. ओली खारी वाळू चेनच्या रिंगा, ब्रेकच्या पिना आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडांतल्या (लिंकेजच्या) बेअरिंगमध्ये जाऊन बसते आणि वरवर धुऊन निघत नाही.

जुनी गाडी घेणार असाल तर किनाऱ्यावरची आणि घाटावरची यांत फरक करा. शॉकअपवर भाता असेल तर तो वर सरकवून नळी बघा, सीट काढून बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट थर आहे का बघा, वायरिंगचे जोड उघडून बघा, स्पोक निपलपाशी फिरतो की जाम झालाय ते स्पॅनर लावून बघा. निपल जाम असतील तर चाक सरळ करता येत नाही, नवे स्पोक आणि कदाचित रिमही घालावी लागते. तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करा.