पाय भरून आलेत की पायाला लागलंय?

पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. हे जे दुखतंय ते मेहनतीचं आहे की दुखापतीचं? २१.१ किलोमीटर पळायचं म्हटल्यावर पाय दुखणारच, त्यात नवल नाही. अडचण अशी, की या दोन दुखण्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. मेहनतीनं पाय भरून आले असतील तर हलकंफुलकं चालत-फिरत राहायचं, आणि लागलं असेल तर थांबायचं. पहिल्याला दुसरं समजलात तर फुकट आठवडा जातो. दुसऱ्याला पहिलं समजलात तर अख्खा हंगाम जातो.

कोल्हापुरात ही गफलत जरा जास्तच होते असं मला वाटतं, आणि तिचं मूळ आपल्या अभिमानाच्या गोष्टीतच आहे. शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, खासबागेचं मैदान उभं केलं. इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिक पदक आणलं. अंग दुखतंय म्हणून जोर-बैठका चुकवायच्या नाहीत, ही शिस्त या गावाच्या हाडीमाशी आहे. म्हणून तर रंकाळ्यावर पहाटे कुणी लंगडत पळताना दिसला की शेजारचा सहज सांगून जातो, "काय हुत न्हाई भावा, पळत ऱ्हा, आपोआप मोकळं हुतंय." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण जुना वस्ताद एवढंच सांगून थांबत नसे. तो पोराची चाल बघायचा, दुखऱ्या जागी हात लावायचा, अंगठ्यानं दाबून पाहायचा आणि मग ठरवायचा, आज मेहनत की आराम. आपण त्याची शिस्त घेतली, पारख मात्र तालमीतच सोडून आलो. पळणाऱ्याला त्या पारखीची गरज पैलवानाइतकीच आहे.

आधी निरुपद्रवी दुखणं बघू.

पन्हाळ्याचा घाट चढून जाणाऱ्यांना वाटतं, चढानं पाय दुखतील. दम चढावर लागतो खरा, पण दोन दिवसांनी जिने उतरताना कठड्याला धरायला लावतो तो उतार. उतारावर पाय टेकतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी अंगाचा सगळा भार थोपवूनही धरत असतो. ताणलं जात असताना जोर लावण्याच्या या कामात स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, मग दुरुस्तीसाठी तिथे सूज येते आणि आसपासच्या नसा हळव्या होतात. हे सगळं व्हायला वेळ लागतो. म्हणून रविवारी पळून आल्यावर माणूस खुशाल मिसळ खाऊन झोपतो आणि सोमवारी सकाळी त्याला खुर्चीतून उठवत नाही. हे दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत जातं. "लॅक्टिक ॲसिड साचलंय" असं अजूनही सर्रास म्हटलं जातं, ते चुकीचं आहे. पळताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जवळपास मूळपदावर येतं. सोमवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

पाय भरून आल्याची ओळख सोपी आहे. दुखतं ते दोन्ही पायांत, आणि अख्खा स्नायू दुखतो. दाबलं तर तळहाताएवढा भाग हळवा लागतो, पण बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येत नाही. स्वस्थ बसलं की दुखत नाही. पहिली चार पावलं जड जातात, मग मोकळं होतं. आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच घाटात पुन्हा गेलात तर पहिल्याच्या मानानं फारच कमी दुखतं, कारण स्नायू तेवढ्यात शिकलेला असतो. यावर औषध लागत नाही. रंकाळ्यावर सावकाश एखादा फेरफटका, पुरेशी झोप, हलक्या हातानं मालिश आणि नीट जेवण एवढं पुष्कळ झालं. जेवणात उसळ, अंडी, दूध, मटण, जे घरात चालतं आणि पचतं ते.

यात एक अपवाद मात्र मनावर कोरून ठेवा. स्नायू फार सुजले, पायातला जोर गेला आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर ते साधं भरून येणं नाही. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर आली आहेत असा त्याचा अर्थ असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आता दुसरं दुखणं. हे समजायला थोडं हाडाकडे बघावं लागतं.

पळायला लागल्यावर हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच साथ द्यायला लागतात. महिन्याभरापूर्वी तीन किलोमीटरला धापा टाकणारा माणूस गप्पा मारत आठ किलोमीटर पळतो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र सावकाश तयार होतात, त्यांचा हिशेब महिन्यांचा असतो. त्यातही हाडाची रीत अशी, की नवा भार पडला की ते आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा, जास्त मजबूत भाग भरतं. काढणं लवकर होतं, भरणं उशिरा. घर दुरुस्तीला काढलं की जुनी भिंत पाडून नवी उभी राहीपर्यंत छत कच्च्या आधारावर असतं, तसे हे मधले आठवडे. आणि नेमके तेव्हाच दम टिकायला लागलेला असतो, हुरूप आलेला असतो, कुणीतरी "या रविवारी थेट पंधरा मारू" म्हणत असतं. नव्या पळणाऱ्यांच्या नडगीची दुखणी बहुतेक इथेच जन्माला येतात.

नडगीचं दुखणं घरी तपासण्याची एक पद्धत आहे, ती सावकाश करून बघा. खुर्चीत बसून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून वर नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत दाबत न्या, एका वेळी बोटभर. खालच्या एक-तृतीयांश भागात चार-पाच बोटं लांबीची पट्टी सलग हळवी लागली, तर बहुधा ते शिन स्प्लिंट्स, म्हणजे हाडावरच्या आवरणावर आणि कडेवर आलेला ताण. पण अंगठा सरकत असताना एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्या जागी, पाय झटकन मागे घ्यावासा वाटला आणि वर-खाली काहीच नसलं, तर हाडाला बारीक चीर जात असल्याची शंका धरायची. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

दोन्हींची चालही वेगळी असते. शिन स्प्लिंट्स पळायला सुरुवात करताना दुखतात, अंग तापलं की कमी होतात आणि घरी आल्यावर पुन्हा जाणवतात. चिरेचं दुखणं पळत जाल तसं वाढतं, पुढे चालतानाही होतं आणि त्याच्याही पुढे रात्री अंथरुणात ठणकतं. इथे आणखी एक घोटाळा होतो. "फोटो काढला, काही निघालं नाही" म्हणून माणूस पुन्हा पळायला लागतो. पहिले दोन-तीन आठवडे अशी चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते. वेळेवर थांबलात तर नडगीची साधी चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. दुखणं जांघेत खोलवर असेल आणि पाय टेकताना वाढत असेल, तर मात्र एकही दिवस पळायचं नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असेल तर ते हाड पुरतं मोडू शकतं आणि गोष्ट ऑपरेशनवर जाते.

रंकाळ्यावरचा सल्ला कुठे फसतो ते आता लक्षात येईल. "पळाल्यावर मोकळं होतं" हे भरून आलेल्या पायाला लागू आहे, तसंच शिन स्प्लिंट्सना आहे, टाचेमागच्या कंडऱ्याला आहे आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत सुई टोचावी तसं करणाऱ्या तळपायाच्या पट्ट्यालाही आहे. तापल्यावर ही सगळीच दुखणी गप्प बसतात. म्हणून पळताना काय वाटलं याला मी फारसं महत्त्व देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटलं, ते विचारायचं. काल जेवढं होतं तेवढंच किंवा कमी, तर ठीक. त्याच अंतराला, त्याच वेगानं, या आठवड्यात गेल्या आठवड्यापेक्षा लवकर दुखायला लागलं किंवा जास्त वेळ टिकलं, तर ती दुखापत आहे, मग ते कितीही किरकोळ वाटो.

किती दुखतं यावरून ठरवणं तर सर्वांत फसवं. घाटाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या अशा दुखतात की माणूस बसताना कण्हतो, आणि त्यात धोका काही नसतो. हाडाची चीर सुरुवातीला इतकी बारीक कुरकुर करते की आठवडाभर ती कुणाला सांगावीशीही वाटत नाही. तेव्हा जागा बघा, एक पाय की दोन्ही ते बघा, दिवसागणिक ते कुठल्या दिशेनं चाललंय ते बघा. आणि चाल बदलली का, हे सोबतच्याला मागून बघायला सांगा, कारण आपण लंगडतोय हे आपल्याला उशिरा कळतं. लंगडत पळायचं नाही, एवढा एक नियम मी कुणासाठीही सैल करणार नाही. एक पाय वाचवायला गेलं की दुसऱ्याचा गुडघा जातो.

गुडघ्याचं थोडक्यात. वाटीच्या आसपास दुखतं, जिन्यावर आणि बराच वेळ बसून उठताना जाणवतं, तर भार कमी करून मांडी आणि कुल्ल्याचे व्यायाम सुरू करायचे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, दर वेळी ठरावीक अंतरानंतर आणि उतारावर जास्त दुखत असेल, तर उतार काही दिवस बंद. पोटरीत अचानक फटका बसल्यासारखं झालं तर स्नायू फाटला असण्याची शक्यता असते. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती रक्ताच्या गुठळीसाठीही तपासून घ्यायला हवी, तिला मालिश करायची नाही. नडगीच्या त्या एका दुखऱ्या ठिपक्यालाही तेल लावून रगडायचं नाही. भरलेल्या स्नायूला मालिश सुखावते, चीर गेलेल्या हाडाला तिचा काही उपयोग नाही.

आपल्याकडच्या हवामानाचा आणि सणावारांचाही यात हात असतो. हिवाळ्यातल्या शर्यतीची तयारी ऐन पावसाळ्यात सुरू होते. मैदानात चिखल, म्हणून सगळे पळणार डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर, तेही एकाच कडेनं, जिथे रस्ता गटाराकडे उतरता असतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात पळणाऱ्यांना चढ-उतार रोजचेच. मग श्रावणातले उपवास येतात, पाठोपाठ नवरात्र. नऊ दिवस अनवाणी राहण्याचं व्रत कितीतरी जण करतात. श्रद्धा जपावी, पण त्या दिवसांत अंतर वाढवू नये. पायताणाशिवाय दिवसभर फिरलेला तळपाय आणि उपाशीपोटी केलेला लांब पल्ला हे हाडाला एकदम झेपत नाही. बायकांनी एक खूण विशेष लक्षात ठेवावी. सराव वाढला, खाणं कमी पडलं आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर हाडं कमजोर होण्याची ती सूचना आहे. ती दडवण्यासारखी गोष्ट नव्हे, डॉक्टरांना सांगण्याची आहे.

अंतर किती वाढवावं याचे हिशेब प्रत्येकाचे वेगळे असतात. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं, की गेल्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब पल्ल्यापेक्षा कुठलाही एक पल्ला फार लांब नको, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावा, आणि नवे बूट, नवा घाट व नवं अंतर एकाच आठवड्यात आणू नये. दुखणं दडपायला गोळी घेऊन पळायला तर अजिबात जाऊ नये. गोळीनं चीर भरत नाही, फक्त ओरडायची थांबते. शिवाय घाम गाळताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो, तो वेगळाच.

शर्यतीच्या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये दोन्ही मांड्या सारख्याच पेटल्या तर घाबरू नका, वेग कमी करा आणि पुढे चला. एकाच जागी सुरी खुपसल्यासारखं झालं आणि पाऊल वाकडं पडायला लागलं, तर पुढच्या पाण्याच्या टेबलापाशी थांबून वैद्यकीय मदत घ्या. नंतरचे चार दिवस पाय भरलेले असणारच. आठवडा उलटूनही एखादी जागा बोट ठेवून दाखवता येत असेल, तर हाडांच्या किंवा क्रीडावैद्यक डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा आठवड्यांत कोणत्या दिवशी किती पळालात ते लिहून न्या आणि पळायचे बूटही सोबत घ्या. "पाय दुखतोय" एवढंच सांगण्यापेक्षा दुखणं कधी सुरू झालं, कितव्या किलोमीटरला येतं आणि रात्री जागं करतं का, हे सांगितलंत तर कोणती तपासणी आधी करायची ते त्यांना लगेच ठरवता येतं.