मदतसाहित्याचे वाटप

दान म्हणून जमा झालेले धान्य, शिजवलेले जेवण, कपडे, पांघरुणे, औषधे आणि घरगुती वस्तू गरजू लोकांच्या हाती पोहोचवण्याच्या संघटित कामाला मदतसाहित्याचे वाटप म्हणतात. भूकंप, पूर, दुष्काळ किंवा युद्धाच्या काळात हे काम काही आठवडे वा महिने चालते. अन्नपेढ्या आणि भोजनकेंद्रांच्या रूपाने ते वर्षानुवर्षेही चालू राहते. जमवाजमव सगळ्यांना दिसते, तिचे कौतुकही होते. पण कोणाला द्यायचे, किती द्यायचे, आधी कोणाला आणि कशा रीतीने, हे प्रश्न वाटपाच्या जागीच सोडवावे लागतात. जमलेल्या वस्तूंची मदत होते की नुसताच ढीग, हेही तिथेच ठरते.

पूर्वपीठिका

गरजूंना धान्य देण्याची व्यवस्था फार जुनी आहे. रोममध्ये इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्राकस याने नागरिकांना ठरलेल्या स्वस्त दराने धान्य देण्याचा कायदा केला आणि इ.स.पू. ५८ मध्ये हे धान्य मोफत झाले. ते राज्याचे वाटप होते, दानाचे नव्हते; तरी आजच्या वाटपातला सर्वांत मोठा तंटा तेव्हाही होता, तो म्हणजे यादीचा. ज्युलियस सीझरने इमारतींच्या मालकांकडून घरोघर माहिती घेऊन लाभार्थ्यांची संख्या ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली.

आधुनिक मदतकार्याचा पाया पहिल्या महायुद्धात घातला गेला. १९१४ मध्ये हर्बर्ट हूवर (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीने व्यापलेल्या बेल्जियममध्ये धान्य पोहोचवण्याचे काम सुरू झाले. रशियातील १९२१ च्या दुष्काळात त्यांच्याच संघटनेने ऐन भरात दररोज एक कोटीहून अधिक लोकांना अन्न दिले. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ मध्ये ग्रीसमधील उपासमारीच्या प्रश्नातून जन्मली. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम १९६१ मध्ये स्थापन झाला. त्याला २०२० चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अन्नपेढीची कल्पना संकटकाळातून आलेली नाही, ती रोजच्या नासाडीतून आली. अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल एका भोजनगृहात स्वयंसेवक होते. दुकाने खाण्याजोगा माल फेकून देतात हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली. दुकानदारांनी माल तिथे जमा करायचा आणि गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तो तिथून न्यायचा, अशी ही योजना होती. पुढे ती अनेक देशांत पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यामुळे या कल्पनेची गरज अजून सरलेली नाही.

यादी

वाटपाची सुरुवात यादीपासून होते, आणि बहुतेक भांडणेही तिथूनच सुरू होतात. यादी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे वस्तीतल्या पुढाऱ्याला विचारणे. त्याला सगळे ओळखतात, तो तासाभरात नावे देतो. पण विधवा, एकटे राहणारे वृद्ध, नुकतेच येऊन राहिलेले भाडेकरू, अपंग आणि ज्यांच्याशी गावाचे पटत नाही असे लोक नेमके याच यादीतून गळतात. ज्याच्या हाती यादी त्याच्या हाती सत्ता, हा धोका १९९४ मध्ये अतिशय भीषण रूपात दिसला. रवांडातील नरसंहारानंतर लाखो लोक तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) गोमा परिसरात आले. तिथल्या छावण्यांत सुरुवातीला धान्य स्थानिक पुढाऱ्यांमार्फत वाटले गेले. त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः नरसंहारात सामील होते. त्यांनी माणसांचे आकडे फुगवले, धान्य अडवून विकले आणि त्याच्या जोरावर छावण्यांवर पकड बसवली. पुढे वाटप थेट कुटुंबांच्या पातळीवर नेण्याचे प्रयत्न झाले. या अनुभवातूनच मदतकार्याचे किमान निकष ठरवणाऱ्या ‘स्फिअर’ उपक्रमाला १९९७ मध्ये चालना मिळाली.

म्हणून आता यादी निदान दोन वाटांनी करतात. वस्तीच्या बैठकीत निकष ठरवून नावे घेतली जातात, आणि काही स्वयंसेवक स्वतंत्रपणे घरोघर फिरून ती पडताळतात. यादी वाटपाआधी चारचौघांत वाचून दाखवली, तर राहिलेली नावे तिथल्या तिथे पुढे येतात. मात्र ज्यांचा आजार, धर्म किंवा स्थलांतराचा इतिहास उघड झाल्यास त्यांच्या जिवाला धोका आहे, अशांची नावे अशी वाचू नयेत. याबाबतीत सरसकट नियम करता येत नाही. त्या वस्तीत काय चालले आहे हे माहीत असावेच लागते.

माप

आपत्तीच्या काळात प्रत्येक माणसाला दररोज सरासरी २,१०० किलोकॅलरी मिळाव्यात, हा नियोजनाचा सर्वमान्य आकडा आहे. पूर्णपणे मदतीवर अवलंबून असलेल्या लोकांच्या शिध्यात माणशी दररोज सुमारे ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम कडधान्य, २५ ग्रॅम तेल, ५ ग्रॅम मीठ आणि त्याला जोड म्हणून पोषक पीठ व थोडी साखर असे प्रमाण प्रचलित आहे. कागदावर हे आकडे छोटे दिसतात. पाच जणांच्या कुटुंबाला महिन्याचा शिधा एकदम द्यायचा, तर नुसते धान्यच ६० किलो होते. ते उचलून नेणारी बाई गरोदर असेल, घर तीन-चार किलोमीटरवर असेल, तर तिला त्यातले काही गाडीवाल्याला भाडे म्हणून द्यावे लागते. म्हणजे शिधा कागदावर पूर्ण, घरात अपुरा. दर पंधरवड्याला वाटप करणे किंवा केंद्र वस्तीजवळ आणणे हा यावरचा उपाय आहे. त्याने खर्च वाढतो, पण तो टाळू नये.

मापाचीही हीच कथा. पोती फोडून डब्याने धान्य मोजताना वाटणाऱ्याचा हात स्वभावतःच सैल असतो; समोर उपाशी माणूस उभा असताना डबा शीग लावून भरला जातो. प्रत्येक डब्यात ५० ग्रॅम जास्त गेले आणि एका कुटुंबाला दहा डबे द्यायचे असतील, तर एक हजार कुटुंबांमागे ५०० किलो, म्हणजे ५० किलोची दहा पोती जादा जातात. त्याचा फटका रांगेतल्या शेवटच्या माणसांना बसतो, आणि शेवटी बहुधा तेच असतात ज्यांना पहाटे येऊन उभे राहणे जमलेले नसते. डब्याच्या काठाशी सपाट पट्टी फिरवून माप करणे आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर तराजू ठेवून काही पिशव्या पुन्हा तोलणे, एवढ्याने हा प्रश्न बराचसा सुटतो. तो तराजू सर्वांना दिसेल असा ठेवावा. आपल्याला किती मिळायला हवे हे घेणाऱ्याला माहीत असणे, हीच चोरीविरुद्धची सर्वांत स्वस्त तजवीज. त्यासाठी शिध्याचे प्रमाण चित्रांसह फलकावर लावतात, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ते कळते.

वाटपाची जागा

चांगल्या केंद्राला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगवेगळी असते. आत आल्यावर सावलीतली बसायची जागा, मग नाव तपासणी, मग टोकन, मग साहित्य, मग सही किंवा अंगठा आणि शेवटी तक्रारीचे टेबल. तक्रारीचे टेबल साहित्य देणाऱ्यांपासून लांब असावे, कारण ज्याच्याविषयी तक्रार त्याच्याच समोर ती कोणी करत नाही. पाणी आणि शौचालय हवेच. वृद्ध, अपंग, आजारी आणि तान्हे मूल घेऊन आलेल्या बाया यांची रांग निराळी ठेवतात. वेळेनुसार टोकने वाटली, तर दिवसभराची एक लांब रांग लागण्याऐवजी तासातासाच्या छोट्या रांगा लागतात आणि चेंगराचेंगरीचा धोका पुष्कळ कमी होतो. चालत्या ट्रकवरून पाकिटे फेकणे हे वाटप नव्हे. त्यात धडधाकट तरुणांना मिळते, लहान मुले चाकांखाली येण्याची भीती असते आणि माणसांची मान खाली जाते.

वाटप सूर्यास्तापूर्वी संपवतात, कारण साहित्य घेऊन अंधारात एकटी घरी जाणारी स्त्री असुरक्षित असते. साठा कमी पडणार हे लक्षात येताच ते रांगेला स्पष्ट सांगावे आणि उरलेल्यांची टोकने पुढच्या दिवसासाठी कायम करावीत. ‘जरा थांबा, येतंय’ असे सांगून लोकांना तासन् तास ताटकळत ठेवणे अन्यायाचे आहे, आणि गोंधळाला तेच सर्वाधिक कारण होते.

नको असलेली मदत

मोठ्या आपत्तीनंतर न मागितलेल्या वस्तूंचा लोंढा येतो. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर सुमारे ५,००० टन औषधे पाठवली गेली. त्यांपैकी तातडीने वापरता येण्याजोगी साधारण ३० टक्केच होती. बाकीची मुदत संपलेली, निरुपयोगी किंवा वर्गवारी न केलेली होती आणि ती निवडण्यात कामाची माणसे महिनोन् महिने अडकली. अशा अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. पोहोचलेल्या औषधाची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, हे त्यांतले एक तत्त्व.

बाळांसाठीची दूध पावडर हे अधिक नाजूक प्रकरण आहे. देणाऱ्याची भावना निर्मळ असते, पण अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर अतिसाराला आमंत्रण देते आणि आईचे दूधही त्या काळात कमी होऊ शकते. २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता येथील भूकंपानंतर झालेल्या पाहणीत, दान आलेली दूध पावडर मिळालेल्या मुलांमध्ये अतिसाराचे प्रमाण ती न मिळालेल्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. म्हणून ही पावडर सरसकट न वाटता, जिथे आईचे दूध मिळणे शक्यच नाही तिथे आरोग्य कार्यकर्त्यांच्या देखरेखीखालीच दिली जाते.

वापरलेल्या कपड्यांबाबत एवढेच, की ते धुऊन, माप व प्रकारानुसार वेगळे करून आले तरच उपयोगी पडतात. गोदामातली जागा आणि निवडणाऱ्यांचे तास हेही मदतीचेच साधन आहे.

साठा आणि सुरक्षितता

गोदामात पोती जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून सुटी ठेवतात. ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी बाहेर काढतात, मग तो आला कधीही असो. शिजवलेल्या अन्नाला ५ ते ६० अंश सेल्सियस हे तापमान धोक्याचे, कारण त्यात जंतू झपाट्याने वाढतात. लग्नसमारंभातून किंवा उपाहारगृहातून उरलेले अन्न घेताना ते कधी शिजले आणि कसे ठेवले होते, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. नाही म्हणणे जड जाते, तरीही. भुकेल्या माणसाला आजारी पडणे सगळ्यांत कमी परवडते.

देणाऱ्यांना कायद्याची धास्ती वाटू नये म्हणून अमेरिकेने १९९६ मध्ये सद्भावनेने अन्न दान करणाऱ्यांना उत्तरदायित्वातून संरक्षण देणारा कायदा केला. फ्रान्सने २०१६ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगे अन्न नष्ट करण्यास मनाई झाली आणि धर्मादाय संस्थांशी करार करणे त्यांना बंधनकारक झाले.

निवडीचा अधिकार

कोणाला काय हवे हे वरून ठरवण्याची पद्धत किती चुकते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील अन्नपेढ्यांच्या राष्ट्रीय जाळ्यात आहे. पूर्वी तिथे देणगीचा माल क्रमवारीने पाठवला जाई, आणि बटाट्यांची रेलचेल असलेल्या प्रदेशाला आणखी बटाटेच मिळत. २००५ पासून प्रत्येक पेढीला गरजेच्या प्रमाणात आभासी गुण दिले जाऊ लागले, आणि त्या गुणांनी पेढ्या मालावर बोली लावू लागल्या. टिकाऊ न्याहारीच्या धान्यपदार्थांची किंमत ताज्या भाजीपाल्याच्या कितीतरी पट चढली, कारण भाजी लवकर नासते आणि अनेक पेढ्यांना ती इतरत्र सहज मिळत होती. ही माहिती कुठल्याही मध्यवर्ती कार्यालयाला आधी नव्हती.

हाच विचार कुटुंबापर्यंत नेला की रोख रक्कम किंवा कूपने देण्याची पद्धत येते. बाजार चालू असेल तर रोख देणे सोयीचे आणि सन्मानाचे ठरते. दुकानदारांचाही धंदा टिकतो. बाजारच कोलमडला असेल, रस्ते तुटले असतील किंवा भाव भडकले असतील, तर मात्र धान्यच पोहोचवावे लागते.

रेड क्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत मदतीचा अग्रक्रम केवळ गरजेवर ठरवावा असे म्हटले आहे. प्रसिद्धीच्या साहित्यात आपद्ग्रस्तांना असहाय वस्तू म्हणून नव्हे, तर प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखवावे, असेही त्यात आहे. शिधा घेताना फोटोसाठी थांबवणे आणि हातातली पिशवी देणगीदाराबरोबर धरायला लावणे हे या आचारसंहितेच्या सरळ विरुद्ध जाते. हिशेबासाठी पुरावा हवाच असेल, तर सही, टोकनाचा क्रमांक आणि साठ्याची नोंदवही पुरेशी आहे.

वाटप थांबवणे

वाटप सुरू कधी करायचे यापेक्षा थांबवायचे कधी हे ठरवणे अवघड असते. आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळात १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून दररोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होते. तेवढ्या काळात उपासमारीवर खरोखर नियंत्रण आले. पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ही केंद्रे बंद करून सगळा भार स्थानिक करांवर चालणाऱ्या दरिद्री-आश्रमांवर टाकला गेला. ज्या भागात उपासमार जास्त होती तिथेच कर भरण्याची ऐपत कमी होती, आणि पुढची काही वर्षे मृत्यू होतच राहिले. आज वाटप बंद करण्याआधी पीक हाती आले का, मजुरी मिळू लागली का, बाजारभाव खाली आले का आणि मुलांची वजने सावरली का, हे तपासतात. बंद होण्याची तारीख निदान महिनाभर आधी सांगितली जाते. शिधा टप्प्याटप्प्याने कमी केला जातो, आणि ज्यांना कमावता येणेच शक्य नाही अशा कुटुंबांची नावे कायमस्वरूपी योजना चालवणाऱ्या यंत्रणेकडे सोपवली जातात.