उपास सुटल्यानंतरचे दिवस

१९१४ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी लंडनला पोहोचले तेव्हा त्यांच्या पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चालणं कठीण झालं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमात त्यांनी नुकताच चौदा दिवसांचा उपास केला होता. नंतर बोटीवर, भूक लागावी आणि खाल्लेलं पचावं म्हणून ते डेकवर फेऱ्या मारत राहिले. तेवढंही शरीराला झेपलं नाही. लंडनमध्ये डॉ. जीवराज मेहतांना त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे पहिले अधिष्ठाता झाले तेच हे मेहता. लांबच्या उपासानंतर काही दिवस पूर्ण विश्रांती घेतली नाहीत तर पाय कायमचे निकामी होण्याची भीती आहे, असं त्यांनी स्पष्टच बजावलं. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग नोंदवला आहे. उपास करताना लागतो त्यापेक्षा उपास सोडताना जास्त सांभाळ, आणि कदाचित जास्त संयम लागतो, हा त्यांनी त्यातून घेतलेला धडा.

त्यानंतरचे त्यांचे मोठे उपास महाराष्ट्राने जवळून पाहिले. येरवडा तुरुंगातला १९३२ चा, पुण्यातल्या पर्णकुटीतला १९३३ चा एकवीस दिवसांचा आणि आगाखान पॅलेसमधला फेब्रुवारी-मार्च १९४३ चा, तोही एकवीस दिवसांचा आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. उपास सुटला की हातात संत्र्याचा रस, हे चित्र तेव्हापासून आपल्या सार्वजनिक जीवनात पक्कं बसलं. आजही आमरण उपोषण सुटतं ते मोसंबीचा रस, लिंबू सरबत किंवा नारळपाणी घेऊन. २०११ मध्ये रामलीला मैदानावर अण्णा हजारेंनी मध घातलेलं नारळपाणी घेतलं होतं. छायाचित्र त्या पहिल्या घोटाचं निघतं आणि बातमी तिथे संपते. शरीराच्या दृष्टीने मात्र धोक्याचे दिवस तिथून सुरू होतात. ते का, हे कळायला माणसाला फार मोठी किंमत मोजावी लागली, म्हणून हा मागोवा.

हळूहळू खावं, हे शहाणपण जुनंच आहे. चरकसंहितेत वमन-विरेचनासारख्या, म्हणजे उलटी-जुलाबाने केलेल्या, शोधनानंतर रुग्णाला नेहमीच्या जेवणावर कसं आणायचं याचा क्रम दिला आहे. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे तांदळाची पातळ पेज. मग घट्ट विलेपी. मग मीठ-तेल-मसाल्याविना केलेलं मुगाचं कढण, त्यानंतर फोडणी-मीठ घातलेलं कढण, आणि शेवटी मांसरस. शुद्धी जितकी जोरदार झाली असेल तितका हा प्रवास लांबवायचा: उत्तम शुद्धीत प्रत्येक पायरीवर तीन जेवणवेळा, मध्यम शुद्धीत दोन, हलक्या शुद्धीत एक. कारणही तिथेच सांगितलं आहे. बारीक ठिणगीला गवत आणि शेणी क्रमाक्रमाने घालत गेलं की ती मोठी होते, तसा जठराग्नी वाढवावा. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रत्येक पायरीची लांबी रुग्णाच्या भुकेवर सोडलेली नाही. शरीर किती रिकामं झालं आहे, त्यावर ती ठरते.

जैन समाजात हे ज्ञान घराघरांत जिवंत राहिलं. पर्युषणात आठ दिवसांची अठाई किंवा महिनाभराचं मासखमण केलेल्यांच्या पारण्याला अनेक घरांत मुगाचं पाणी आणि सुंठ-गूळ-तुपाची छोटी गोळी असते. वर्षीतपाचं, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपाचं, पारणं अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होतं. हस्तिनापूरला श्रेयांसाने पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांना दिलेल्या उसाच्या रसाची ती आठवण. आपल्याकडे आजारातून उठलेल्याला मऊ भात, आटवल, पेज देण्याची रीतही याच समजुतीतली. एकादशीचं पारणं द्वादशीला होतं आणि एका दिवसाच्या उपासाने निरोगी माणसाला काही बिघडत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा येतच नाही.

भूक लादली गेली, तिथे मात्र हे शहाणपण पुन्हापुन्हा हरवलं. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमला वेढा घातला. आतून पळून आलेले उपाशी लोक रोमन छावणीत पोहोचले, त्यांचं वर्णन इतिहासकार जोसेफसने केलं आहे. अंगं सुजलेली, आणि समोर अचानक अन्न. अनेकांनी अधाशासारखं खाल्लं आणि ते मेले. ज्यांना कळत होतं त्यांनी भूक आवरून थोडं थोडं घेतलं, ते वाचले. रोगाचं नाव ठाऊक नसताना एका इतिहासकाराने केलेली ही नोंद इतकी नेमकी आहे की ती आजही वैद्यकीय लेखांत उद्धृत होते.

पण १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत शिरलं तेव्हा तिथल्या उपासमारीसाठी त्याची कोणतीही तयारी नव्हती. सुमारे साठ हजार माणसं, त्यांतले असंख्य नुसते सापळे, जोडीला टायफसची साथ. सैनिकांनी कळवळून आपल्याजवळचे मांसाचे डबे वाटले. मुक्तता झाल्यावर त्या छावणीत आणखी तेरा-चौदा हजार माणसं मेली. टायफस आणि आधीची उपासमार ही त्याची मुख्य कारणं, पण त्या जड अन्नानेही बळी घेतले. पुढे तिथे ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’ देण्यात आलं. साखर, दुधाची भुकटी, पीठ, मीठ आणि पाणी यांचं हे मिश्रण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातल्या अनुभवातून आलेलं. आपल्याच देशातली लाखो माणसं ज्यात गेली, त्या दुष्काळातून निघालेलं हे ज्ञान युरोपात पोहोचलं, पण तिथल्या रुग्णांना ते असह्य गोड लागलं आणि अनेकांना ते पोटात ठेवता आलं नाही. प्रथिनांची इंजेक्शनं देऊन पाहिली, तर सुई बघूनच माणसं किंचाळत. नाझी छावणीत सुईचा अर्थ त्यांनी वेगळाच पाहिला होता. अखेर लंडनहून आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी चमच्याचमच्याने, दिवसातून अनेकदा भरवत जमेल तितक्यांना वाचवलं.

योगायोग असा की त्याच महिन्यांत अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज हाच विषय अभ्यासत होते. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. नंतर वेगवेगळ्या प्रमाणात अन्न देऊन ते कसे सावरतात हे पाहिलं गेलं. पण उपासमारीचा टप्पा संपला जुलै १९४५ मध्ये, बेल्सनला त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता. या प्रयोगातली एक गोष्ट मला कळीची वाटते. पोट भरेपर्यंत जेवल्यावरही त्या तरुणांची भूक कित्येक महिने शमत नव्हती. लांबच्या उपासमारीनंतर भुकेला विचारून जेवलं तर ती खोटं उत्तर देते. अर्थात हे तरुण कधीच पूर्ण निराहार नव्हते. त्यांच्याहून जास्त उपासमार झालेल्या माणसांचं काय होतं, ते फिलिपीन्समध्ये पकडलेल्या उपाशी जपानी युद्धकैद्यांवरच्या १९५१ च्या अहवालात दिसलं. अन्न आणि जीवनसत्त्वं मिळत असूनही त्यांतला साधारण पाचातला एक दगावला.

मग शरीरात नेमकं होतं काय? उत्तर मिळालं ते रुग्णालयांत. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी संपूर्ण पोषण थेट शिरेतून देण्याची पद्धत रूढ केली. खंगलेल्या रुग्णांना आता हवी तेवढी ऊर्जा एका दिवसात देता येऊ लागली. १९८१ मध्ये वाइन्सियर आणि क्रुमडिएक या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत छापली. दोघेही दीर्घकाळ कुपोषित, दोघांनाही उत्साहाने भरपूर पोषण दिलं गेलं, दोघेही मेले. रक्तातलं फॉस्फेट तळाला गेलं होतं. ‘रीफीडिंग सिंड्रोम’, म्हणजे उपासमारीनंतर पुन्हा खाऊ घातल्याने होणारा बिघाड, हे नाव तेव्हापासून सर्वतोमुखी झालं.

उपासात शरीर चरबीवर चालतं, इन्शुलिन खाली असतं. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू कमी होत जातं, पण रक्ताच्या तपासणीत आकडे बरेचदा ठीकच दिसतात. इथेच डॉक्टरही फसतात. मग साखर किंवा भात पोटात गेला की इन्शुलिन उसळतं, ग्लुकोज पेशीत शिरतं आणि ते वापरण्यासाठी ही खनिजंही रक्तातून पेशींत ओढली जातात. रक्तातली पातळी काही तासांत, काही दिवसांत कोसळते. हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात. शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, सूज येते, आधीच अशक्त हृदयावर ताण पडतो. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, त्याच वेळी संपतं आणि माणूस बरळू लागतो, तोल जातो. बहुतेक वेळा हे पहिल्या पाच दिवसांत घडतं. घरच्यांना वाटत असतं की आता खातोय, म्हणजे धोका टळला.

२००६ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने यावर नियम घालून दिले. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्याला सुरुवातीला गरजेच्या निम्म्याहून अधिक ऊर्जा देऊ नये. दहा दिवसांहून अधिक काळ उपाशी असलेला किंवा फार खंगलेला माणूस जास्त धोक्यात. त्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त दहा किलोकॅलरींपासून सुरुवात, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ. पन्नास किलोच्या माणसाला हे होतात दिवसभरात ५००. श्रीखंड-पुरीचं एक ताट एका बैठकीत याच्या पुढे जातं. अन्नाच्या आधीपासूनच थायमिन द्यायचं, आणि रक्तातल्या तिन्ही खनिजांवर लक्ष ठेवून ती भरून काढायची. दहा हा आकडा फारच सावध आहे, असं आता अनेक तज्ज्ञांना वाटतं. रुग्णालयात देखरेखीखाली असलेल्या तरुण रुग्णांना अधिक वेगाने खाऊ घालता येतं, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. रक्ततपासणीच्या गरजेबद्दल मात्र दुमत नाही.

तीव्र कुपोषित मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये हाच विचार दोन दुधांत बसवला. आधी एफ-७५, मग एफ-१००. आकडा म्हणजे १०० मिलिलिटरमधल्या किलोकॅलरी. आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत त्यांना स्टार्टर आणि कॅच-अप आहार म्हणतात. स्टार्टरमध्ये दूध, साखर, तेल आणि कुरमुऱ्याची पूड असते, आणि तो रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा पाजतात. मेळघाटातून अशा केंद्रात आलेल्या मुलाच्या आईला पहिले दिवस हे इतकंसंच का, असा प्रश्न पडतो. तिला त्यामागचं कारण नीट समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, कारण काळजीपोटी बाहेरून आणून भरवलेलं अन्न त्या दिवसांत घातक ठरू शकतं.

उपोषणाला बसणारे कार्यकर्ते, मासखमण करणारे तपस्वी यांच्याभोवती निदान माणसं असतात. जास्त धोका असतो तो ज्यांचा उपास कुणी मोजतच नाही अशांना: क्षयाने किंवा कर्करोगाने खंगलेला रुग्ण, दारूमुळे आठवडाभर न जेवलेला माणूस, एकटी राहणारी, ताटातलं तसंच ठेवणारी म्हातारी. अशा माणसाने पाच दिवसांहून अधिक काळ जवळपास काही खाल्लं नसेल, तर पहिलं जेवण डॉक्टरांना विचारून द्यावं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासण्याची आठवण स्वतःहून करावी. फॉस्फेट नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत बऱ्याचदा नसतं.