कॉर्व्हेटच्या नव्या इंजिनाची कुणकुण आणि त्यामागचं जुनं भांडण

कॉर्व्हेट ही शेवरोले या अमेरिकन कंपनीची स्पोर्ट्स कार. नवी कॉर्व्हेट यायची म्हटली की गाडीच्या आधी तिच्या इंजिनाचं नाव फुटतं. नाव म्हणजे नुसता तीन अक्षरांचा कोड : एलटी५, एलटी६, एलटी७. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स. तिथे गाडीवर मिळणाऱ्या पर्यायांना असे कोड देतात. त्यातला एखादा कुठल्या कागदावर दिसला की कोणीतरी पुडी सोडतं आणि पुढचे सहा महिने वावड्या उठत राहतात.

या कोडवर फार विसंबण्यात अर्थ नाही, कारण कंपनी तेच ते कोड पुन्हा वापरते. ज्या एलटी६च्या नुसत्या उल्लेखाने २०२० च्या आसपास लोकांचे कान टवकारत होते, तोच कोड १९८० च्या दशकात ओल्ड्समोबिलच्या एका व्ही-६ डिझेल इंजिनाला होता. त्या डिझेलची कोणी वाट पाहत बसलं असेल असं वाटत नाही.

वावड्या खऱ्या की खोट्या हे ओळखायचं तर कोडपेक्षा एका जुन्या भांडणाकडे बघावं लागतं. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा, कुठे बसवायचा, हे ते भांडण.

पहिली कॉर्व्हेट १९५३ ची. त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या बनल्या आणि त्यांत एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. दिसायला देखणी, पळायला बेताची. १९५५ साली शेवरोलेचे मुख्य इंजिनियर एड कोल यांच्या हाताखाली तयार झालेलं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ तिला मिळालं आणि गाडीचं नशीब पालटलं. व्ही-८ म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन रांगांत बसवलेले आठ सिलिंडर. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, त्या दोन रांगांच्या बेचक्यात बसतो आणि तिथून लांब सळया वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात. या सळया म्हणजे पुशरॉड. जुनी बुलेट उघडलेली ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुशरॉड म्हणजे मागासलेलं तंत्र, असं म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. डोक्यावर कॅमशाफ्ट नसल्याने इंजिन बुटकं राहतं, हलकं राहतं आणि सखल बॉनेटखाली सहज मावतं. २००६ च्या झेड०६ मधलं, म्हणजे कॉर्व्हेटच्या एका जास्त वेगवान अवतारातलं, ७ लिटरचं एलएस७ याच पद्धतीचं होतं आणि ५०५ हॉर्सपॉवर देत होतं. अडचण येते ती फार वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला खूप फेरे घेऊ लागलं की. सळया, रॉकर, टॅपेट हे सगळं लटांबर मिनिटाला हजारो वेळा खाली-वर नाचवायचं तर कधीतरी व्हॉल्व्ह मागे पडतोच. आरपीएम हवे असतील तर कॅमशाफ्ट डोक्यावर न्यावा लागतो. कॉर्व्हेटला कधीतरी असं इंजिन मिळेल, ही आशा जवळजवळ प्रत्येक वावडीच्या मुळाशी असते.

अधूनमधून वेगळी हूलही उठे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्व्हेटमध्ये पिस्टनच नसलेलं व्हँकेल रोटरी इंजिन येणार अशी चर्चा होती आणि ती हवेतली नव्हती. १९७३ साली कंपनीने दोन रोटरची आणि चार रोटरची अशा दोन नमुना गाड्या दाखवल्या. गंमत म्हणजे रोटरीचा आग्रह धरणारे गृहस्थ एड कोलच, म्हणजे ज्यांनी स्मॉल ब्लॉक दिलं तेच. पण रोटरी पेट्रोल फार पिते, आणि त्याच वर्षी तेलसंकट आलं. १९७४ मध्ये कोल निवृत्त झाले आणि रोटरीचा विषय बारगळला. चार रोटरच्या त्या नमुना गाडीत पुढे साधं व्ही-८ बसवलं गेलं.

कॅमशाफ्ट डोक्यावर नेण्याची आशा पहिल्यांदा पुरी झाली ती १९९० च्या झेडआर१ या खास कॉर्व्हेटमध्ये. १९८६ मध्ये जनरल मोटर्सने इंग्लंडची लोटस कंपनी घेतली होती. लोटसच्या मदतीने एलटी५ आखलं गेलं : पूर्ण ॲल्युमिनियमचं ५.७ लिटर, चार कॅमशाफ्ट, ३२ व्हॉल्व्ह, ३७५ हॉर्सपॉवर. शेजारच्या साध्या कॉर्व्हेटमध्ये तेव्हा २५० च्या आतबाहेर ताकद होती. हे इंजिन जोडायचं काम मात्र शेवरोलेच्या कारखान्यात झालं नाही. ते ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी मर्क्युरी मरीनकडे गेलं, म्हणजे बोटींची इंजिनं बनवणाऱ्यांकडे. थोड्या संख्येने, हाताने, नीट जुळवून इंजिन बांधायची सवय त्यांना होती.

या गाडीतली मला सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे मधल्या कन्सोलवरची एक जादा किल्ली. ती फिरवून काढून घेतली की प्रत्येक सिलिंडरचा हवेचा दुसरा मार्ग बंदच राहायचा आणि गाडी आपली बरीचशी मस्ती विसरून शहाण्यासारखी चालायची. हॉटेलच्या दारात गाडी लावायला दुसऱ्याच्या हातात देताना मालकाने ती किल्ली खिशात टाकायची, अशी कल्पना.

मार्च १९९० मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट स्टॉकटनच्या चाचणी ट्रॅकवर या गाडीने २४ तास सरासरी सुमारे २८३ किलोमीटर वेग राखून विक्रम केला. तरीही ती टिकली नाही. मूळ गाडीच्या किमतीत जवळपास तेवढीच भर घालावी लागे, आणि १९९२ मध्ये साध्या कॉर्व्हेटला ३०० हॉर्सपॉवरचं पुशरॉडवालं एलटी१ मिळालं. एलटी५ ची ताकद ४०५ वर नेऊनही उपयोग झाला नाही. सहा वर्षांत ७,००० गाड्याही न बनता १९९५ मध्ये प्रकरण मिटलं. एखादी नवी हूल उठली की जुनी मंडळी मान हलवतात ती हे आठवून.

पुढचा मोठा पोपट झाला २०१७ साली. एलटी५ हा कोड पुन्हा ऐकू येऊ लागला आणि नव्या झेडआर१ ला परत डबल ओव्हरहेड कॅमचं, म्हणजे डोक्यावर कॅमशाफ्ट असलेलं इंजिन मिळणार असं ठासून सांगितलं जाऊ लागलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गाडी प्रत्यक्ष आली. कोड एलटी५ च होता. इंजिन निघालं ६.२ लिटरचं, सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावलेलं, ७५५ हॉर्सपॉवरचं, आणि पुशरॉडवालं.

त्यानंतरची वावडी मात्र खरी ठरली. कारण तिच्या मागे रेसिंग होतं.

२०१९ च्या जुलैत इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असलेली पहिली उत्पादन-कॉर्व्हेट, सी८ म्हणजे आठवी पिढी, जाहीर झाली. इंजिन मागे न्यावं हा आग्रह कॉर्व्हेटचे इंजिनियर झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी १९६० च्या प्रयोगगाडीपासून धरला होता. ते १९९६ साली वारले, म्हणजे ही गाडी त्यांना दिसली नाही. सी८ मधलं एलटी२ पुशरॉडचंच होतं. पण ऑक्टोबरमध्ये तिची रेसची भावंड सी८.आर पुढे आली, जानेवारी २०२० मध्ये डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत धावली, आणि जाणकारांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं की हे जुनं कुळ नव्हे.

आवाजावरून कसं ओळखलं? अमेरिकन व्ही-८ चा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, टोकाकडून पाहिला तर अधिकच्या चिन्हासारखा दिसतो, त्याचे चार खटके एकमेकांशी काटकोनात असतात. त्यात एकाच रांगेतले दोन सिलिंडर कधीकधी लागोपाठ पेटतात, म्हणून एक्झॉस्टमधून ती ओळखीची अडखळती गडगड येते. फ्लॅट-प्लेन क्रँक टोकाकडून सरळ रेघेसारखा दिसतो, आपल्याकडच्या कुठल्याही साध्या चार सिलिंडरच्या गाडीत असतो तसा. त्यात डावी-उजवी-डावी-उजवी अशी रांगांची पाळी चुकत नाही आणि गडगडीच्या जागी चढता, चिरका सूर लागतो. शिवाय त्याला जड वजनं कमी लागतात, त्यामुळे आरपीएम झपकन चढतात. बदल्यात थरथर सोसावी लागते, आणि इंजिन जितकं मोठं तितकी ती जास्त. हा सूर फेरारीचा म्हणून ओळखला जाई. फोर्डने शेल्बी जीटी३५० मध्ये ५.२ लिटरचं असं इंजिन देऊन झालं होतं.

सी८.आर ज्या वर्गात धावत होती त्या वर्गात इंजिनाचं मूळ रस्त्यावरच्या गाडीत असावं लागतं. म्हणजे रेसगाडीत ५.५ लिटरचं, चार कॅमशाफ्टचं फ्लॅट-प्लेन इंजिन असेल तर रस्त्यावरची बहीण मागून येणारच. इथे अंदाजाला फारसा वावच नव्हता. २०२१ च्या जुलैत कंपनीने स्वतःच आवाज ऐकवून लोकांना आणखी चाळवलं, आणि ऑक्टोबरमध्ये झेड०६ जाहीर झाली.

तिचं एलटी६ म्हणजे टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, तरी ८,४०० आरपीएमला ६७० हॉर्सपॉवर. लाल रेघ, म्हणजे आरपीएमची वरची हद्द, ८,६०० वर. सिलिंडरचा व्यास १०४.२५ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास अवघा ८० मिलिमीटर, म्हणजे रुंद आणि आखूड. एवढे आरपीएम पेलण्याची ही किल्ली. कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात एकेक इंजिन एकेक कारागीर हाताने बांधतो.

२०२४ च्या जुलैत झेडआर१ आली तेव्हा दोन टर्बोच्या वावडीवरही शिक्कामोर्तब झालं : एलटी६च्या घराण्यातलं एलटी७, १,०६४ हॉर्सपॉवर. त्याच वर्षी जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या ट्रॅकवर कंपनीचे अध्यक्ष मार्क रॉइस यांनी ती स्वतः ताशी ३७५ किलोमीटरला नेली.

एवढं झाल्यावर पुशरॉड मोडीत निघाला असता, पण कंपनीचा पैसा दुसरंच सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये जनरल मोटर्सने सहाव्या पिढीच्या स्मॉल ब्लॉकसाठी फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात ५७.९ कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं. मे २०२५ मध्ये नव्या पिढीच्या व्ही-८ साठी न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यात आणखी ८८.८ कोटी डॉलर. ज्या टोनावांडात आधी विद्युत मोटारींची यंत्रणा बनवायचं ठरलं होतं, तिथेच. हा खर्च मुख्यतः पिकअप ट्रक डोळ्यांसमोर ठेवून आहे. पण १९५५ पासून ट्रकच्या आणि कॉर्व्हेटच्या इंजिनांचं गोत्र एकच राहिलं आहे. त्यामुळे साध्या कॉर्व्हेटच्या पुढच्या इंजिनाची कुणकुण लागली, तर झेड०६च्या रेसगाडीपेक्षा मी आधी टोनावांडाकडे कान लावीन.